गुरांचा गाठीचा रोग : ओळख, निदान आणि उपचार

बंगळूर शहराच्या उत्तरेस येलहंका नावाचे जुने ठाणे आहे. १५३७ साली बंगळूर वसविणारा केंपेगौडा हा येलहंका येथील नायकांच्या घराण्यातला. पुढे १६३८ मध्ये बंगळूर शहाजीराजे भोसले यांच्या ताब्यात आले, म्हणून मराठी वाचकालाही हा मुलूख अगदीच परका नाही. आज महानगर वाढत वाढत येलहंका ठाण्यास येऊन मिळाले आहे. त्याच्या एका अंगास, रामगोंडनहळ्ळी येथे, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची एक संस्था आहे. तिचे काम पशूंमधील रोगांच्या साथींचा अभ्यास करण्याचे. १९८७ साली एका अखिल भारतीय प्रकल्पाच्या रूपाने ह्या कामास आरंभ झाला आणि २०१३ पासून ही संस्था ‘निवेदी’ ह्या संक्षिप्त नावाने ओळखली जाते.

आजारी जनावराच्या नाडीवर हात ठेवणे हे ह्या संस्थेचे मुख्य काम नव्हे. कोणता रोग कोठे, केव्हा आणि कोणत्या परिस्थितीत उद्भवला, ह्याचा हिशेब ती ठेवते. मागील साथींच्या नोंदी, पाऊस, उष्णता, हवेतील ओलावा यांची सांगड घालून पुढील दोन महिन्यांत कोणत्या जिल्ह्यात कोणत्या पशुरोगाचा धोका आहे, ह्याची पूर्वसूचना तेथून राज्यांना दिली जाते.

वाचकास प्रश्न पडेल, की गाईच्या कातडीवर येणाऱ्या गाठीचा पावसाशी आणि ओलाव्याशी काय संबंध? हा संबंध नीट उमगला, म्हणजे गेल्या काही वर्षांत आपल्या गोठ्यांवर आलेल्या लम्पी चर्मरोगाचे निम्मे रहस्य उलगडते.

रोगाचे रूप

रोगाची सुरुवात बहुधा तापाने होते. निरोगी गाईच्या अंगाची उष्णता सुमारे ३८.५ अंश सेल्सिअस असते. ह्या रोगात ती ४० अंशांच्या वर, कधी ४१ अंशांच्याही पुढे जाते. जनावर चारा सोडते, रवंथ मंदावते, डोळ्यांतून व नाकातून पाणी गळते, तोंडातून लाळ येते. दुभत्या गाईचे दूध एकाएकी घटते. खांद्यापुढील आणि मांडीपुढील लसिका ग्रंथी सुजून हाताला लागतात. त्यानंतर एकदोन दिवसांत मान, पाठ, पाय, कास अशा ठिकाणी टणक, गोल, कातडीबाहेर उचललेल्या गाठी दिसू लागतात. त्यांचा व्यास साधारणतः २ ते ५ सेंटिमीटर असतो. काही जनावरांत त्या मोजण्याइतक्याच असतात, तर काहींचे सर्वांग त्यांनी भरून जाते.

ही गाठ कातडीच्या वरच्या पदरापुरती नसते. ती कातडीच्या पूर्ण जाडीत रुतलेली असते. काही दिवसांनी तिचा मधला भाग मरतो आणि खपली होऊन गळून पडतो. तेथे खोल खड्डा राहतो, त्यात माश्या बसतात, प्रसंगी अळ्या पडतात. पायांवर व पोळीवर सूज येते. गाभण गाय गाभडू शकते आणि वळू काही काळ किंवा कायमचा वांझ होऊ शकतो.

हा रोग मुख्यतः गोवंशाचा आहे. म्हशींना तो क्वचित आणि सौम्य प्रमाणात होतो. माणसाला तो होत नाही, हे येथेच स्पष्ट केले पाहिजे. रोगाने मरणाऱ्या जनावरांचे प्रमाण बहुधा शेकडा १ ते ५ असते. वासरांत ते अधिक असू शकते. हा आकडा लहान वाटेल. परंतु ज्याच्या दावणीला एकच बैलजोडी आहे, त्याचा एक बैल गेला तर त्याची निम्मी शेती थांबते. जी गाय वाचते, तिचेही दूध त्या वेतात पूर्ववत होईलच असे नाही, आणि कातड्याचे मोल तर कायमचे उतरते.

चुकलेले पहिले निदान

ह्या रोगाची पहिली नोंद १९२९ साली आफ्रिकेतील उत्तर ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झांबियात झाली. तेथील पशुवैद्यांनी गाठी पाहिल्या आणि दोन तर्क केले. एक तर्क असा, की गुरांनी एखादी विषारी वनस्पती खाल्ली असावी. दुसरा असा, की कीटकांच्या दंशाने कातडीस ही प्रतिक्रिया आली असावी. दुसऱ्या तर्कास सबळ कारण होते. पाऊसकाळात कीटक वाढले की हा रोगही वाढे.

रोग संसर्गजन्य आहे ही गोष्ट ध्यानात यावयास १९४० नंतरची वर्षे उजाडावी लागली. तोवर तो दक्षिण आफ्रिकेपर्यंत पोहोचला होता आणि १९४४ ते १९४९ ह्या काळात तेथील सुमारे ८० लाख गुरांना त्याची बाधा झाली. १९५७ मध्ये ॲलेक्झांडर, प्लोराइट व हेग ह्या संशोधकांनी त्याच्या विषाणूसंबंधीचे काम प्रसिद्ध केले. हा विषाणू देवीच्या विषाणूंच्या मोठ्या कुळातला आहे. मेंढ्यांची देवी व शेळ्यांची देवी यांचे विषाणू त्याचे अगदी जवळचे भाऊबंद होत.

ह्या चुकलेल्या निदानातून एक धडा मिळतो. कीटक आणि रोग यांचा संबंध पहिल्या पशुवैद्यांना दिसला होता आणि तो खराही होता. मात्र त्याचा अर्थ त्यांनी चुकीचा लावला. कीटक हा रोगाचे कारण नव्हता, तो रोगाचा वाहक होता. कारण आणि वाहक यांत गल्लत झाली म्हणजे आजारी जनावर मोकळे चरते, बाजारात विकले जाते, आणि रोग त्याच्याबरोबर प्रवास करतो.

कीटक काय करतो?

हिवतापाचा परोपजीवी जीव डासाच्या शरीरात वाढतो, रूपे बदलतो आणि मगच माणसात शिरतो. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबाद येथे डासाच्या पोटातील त्याची अवस्था पाहिली, हे पुष्कळांस ठाऊक असेल. लम्पीचा विषाणूही दुसऱ्याच्या पेशींवर जगणारा, ह्या अर्थाने परोपजीवीच. परंतु त्याला कीटकात वाढण्याची गरज पडत नाही. चावणाऱ्या माशीने किंवा डासाने आजारी गाईच्या गाठीत सोंड खुपसली, की सोंडेस विषाणू चिकटतो. तोच कीटक शेजारच्या निरोगी गाईला चावला, की विषाणू तिच्या कातडीत उतरतो. न उकळलेली सुई एकाला टोचून दुसऱ्याला टोचावी, तसाच हा प्रकार आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आजारी जनावरांवर पोसलेल्या एडिस जातीच्या डासांनी दोन ते सहा दिवसांनंतरही निरोगी गुरांना रोग दिला, असे दिसून आले. गोठ्यातील चावरी माशी, गोमाशी आणि गोचीड हेही ह्या कामातले वाहक आहेत. (गोचीड आठ पायांची असल्यामुळे शास्त्रदृष्ट्या ती कीटकांत मोडत नाही, शेतकऱ्याच्या दृष्टीने तिचा उपद्रव मात्र तोच.)

विषाणू सर्वांत जास्त कोठे असतो, हाही महत्त्वाचा प्रश्न आहे. इंग्लंडमधील संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की रक्तापेक्षा कातडीवरील गाठीत विषाणूचे प्रमाण फार मोठे असते, आणि ज्या जनावरांना गाठी येत नाहीत त्यांच्याकडून कीटकांमार्फत रोग पसरण्याचा संभव बराच कमी असतो. म्हणजे गाठी असलेले जनावर वेगळे बांधून त्याला मच्छरदाणीत ठेवले, तर रोगाच्या मुख्य साठ्यालाच झाकण बसते.

कीटक स्वतः फार लांब उडत नाही. दूरचा प्रवास जनावरच करते, आणि तो बहुधा मालमोटारीतून. रोगाची बाधा होऊन लक्षणे दिसेपर्यंत काही दिवस, कधी चार आठवडेही जातात. ह्या काळात जनावर धडधाकट दिसते. विकणारा प्रामाणिक असतो, घेणाराही सावध असतो, तरीही रोग एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात जातो.

निदान कसे करतात?

गाठ दिसली म्हणजे लम्पीच, असे समजणे शास्त्रीय नव्हे. गांधीलमाशीच्या दंशाने किंवा एखाद्या औषधाच्या वावड्याने अंगावर पित्तासारख्या गांधी उठतात. त्या थोड्या वेळात विरतात आणि त्यांबरोबर लसिका ग्रंथी सुजत नाहीत. गजकर्णात केस झडून खरखरीत चट्टे पडतात. नागिणीच्या विषाणूच्या कुळातील एका विषाणूमुळेही लम्पीसारख्या गाठी येतात; पण त्या उथळ असतात आणि लवकर बऱ्या होतात. आपल्या देशात गुरांच्या वशिंडावर न भरणारी एक जखम आढळते. ती कातडीत राहणाऱ्या बारीक कृमीमुळे होते आणि हा कृमीही माश्यांमार्फतच पसरतो. तेथे उपाय कृमिनाशकाचा. लम्पीत त्याचा उपयोग नाही. म्हणून भेद करणे अगत्याचे.

पशुवैद्य प्रथम ताप पाहतो, ग्रंथी चाचपतो, गाठ कातडीत किती खोल आहे ते बोटांनी पाहतो, आणि आसपासच्या गोठ्यांत काय चालले आहे ते विचारतो. संशय बळावला, की गाठीचा तुकडा किंवा खपली, नाकातील स्राव आणि गोठू न दिलेले रक्त असे नमुने घेऊन ते बर्फात प्रयोगशाळेकडे धाडतो. महाराष्ट्रातील नमुन्यांसाठी पुण्यास औंध येथे रोग अन्वेषण विभागाची प्रयोगशाळा आहे, तर भोपाळ येथील राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था ही ह्या बाबतीत देशातील श्रेष्ठ प्रयोगशाळा होय.

तेथे मुख्यतः पी. सी. आर. चाचणी करतात. नमुन्यातील विषाणूच्या जनुकाचा एक ठराविक तुकडा यंत्रात पुनःपुन्हा दुप्पट केला जातो. मूळचे काही मोजके तुकडे थोड्या तासांत कोट्यवधी होतात आणि ओळखता येतात. विषाणू नसेल, तर काहीच वाढत नाही. साथ ओसरल्यावर एखाद्या जनावरास पूर्वी बाधा होऊन गेली होती काय, हे पाहावयाचे असेल, तर रक्तद्रवातील प्रतिपिंडे तपासतात. पहिल्या चाचणीने आज लागलेली आग दिसते, तर दुसरीने विझलेल्या आगीची राख.

उपचार आणि शुश्रूषा

ह्या विषाणूस ठार मारील असे कोणतेही औषध आज पशुवैद्याच्या हाती नाही. म्हणजे उपचारच नाहीत, असे मात्र नव्हे. जनावराचे शरीर स्वतःच विषाणूशी झगडत असते. त्या झगड्यात त्यास टिकवून धरणे, हाच उपचार होय. ताप व सूज उतरविणारी औषधे देतात. उघड्या जखमांतून इतर जंतू शिरून फुफ्फुसदाह होऊ नये, म्हणून पशुवैद्य प्रतिजैविकांची योजना करतो. ही औषधे विषाणूवर चालत नाहीत. ती नंतर येणाऱ्या जंतूंसाठी असतात. म्हणून ती ऐकीव माहितीवर, मनाला येईल तितकी टोचू नयेत.

जखमा पोटॅशियम परमँगनेटच्या सौम्य द्रावणाने धुऊन त्यांवर मलम लावावे. तोंडात फोड असतील, तर कोरडा कडबा चावता येत नाही. अशा वेळी कोवळा हिरवा चारा, पातळ आंबोण व भरपूर स्वच्छ पाणी द्यावे. पाय सुजलेले जनावर खाली बसून राहते. त्यास मऊ अंथरूण घालून दिवसातून अनेक वेळा कूस बदलावी.

येथे येलहंका परिसराचा पुन्हा उल्लेख करावा लागतो. तेथील जारकबंडे कावल भागात औषधी वनस्पती आणि पारंपरिक आरोग्यज्ञान यांचा अभ्यास करणारे एक विद्यापीठ आहे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने पारंपरिक पशुउपचारांचा जो उपक्रम हाती घेतला, त्यात ह्या विद्यापीठाचा हातभार आहे. लम्पीसाठी मंडळाने प्रसृत केलेला एक पाठ असा : विड्याची १० पाने, १० ग्रॅम मिरी व १० ग्रॅम मीठ वाटून गुळातून जनावरास चारावे, पहिल्या दिवशी दर तीन तासांनी आणि पुढे दोन आठवडे दिवसातून तीन वेळा. जखमांसाठी खोकली, कडुनिंब, मेंदी व तुळस यांची मूठमूठ पाने, लसणाच्या १० पाकळ्या व २० ग्रॅम हळद वाटून अर्धा लिटर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात उकळावी, आणि ते तेल निववून स्वच्छ केलेल्या जखमेवर लावावे. हा पाठ आधार देणारा आहे. त्यामुळे पशुवैद्यास बोलावण्याची गरज संपत नाही, की लसीची जागा भरून निघत नाही.

दुधाविषयी अनेकांच्या मनात भय असते. २०२२ च्या साथीत त्या भयाने गरीब दूधवाल्यांचे नुकसान झाले. हा रोग दुधातून माणसास होत नाही. दूध नेहमीप्रमाणे उकळून घ्यावे, एवढेच पुरे.

उसनी लस आणि स्वतःची लस

देवीच्या कुळातील विषाणूंचा एक गुण माणसाच्या फार उपयोगी पडला आहे. एका भावाशी लढावयास शिकलेले शरीर दुसऱ्या भावालाही ओळखते. १७९६ साली एडवर्ड जेन्नर यांनी गाईच्या देवीची लस माणसाला टोचली. भारतात ती लस प्रथम १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल ह्या तीन वर्षांच्या मुलीस टोचण्यात आली. तेव्हा माणसाने गाईकडून उसने घेतले; लम्पीच्या वेळी गाईसाठी ते शेळीकडून घ्यावे लागले. रोग भारतात आला तेव्हा त्याची स्वतंत्र लस देशात नव्हती, म्हणून शेळ्यांच्या देवीची लस गुरांना टोचण्यात आली आणि तिने पुष्कळ संरक्षण दिले.

दरम्यान २०१९ च्या साथीत रांची येथील गुरांकडून मिळालेला विषाणू हरियाणातील हिसार येथे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात वाढविण्यात आला. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या सहकार्याने तो प्रयोगशाळेतील पेशींवर सुमारे ५० वेळा पुनःपुन्हा वाढवून त्याचा रोगकारीपणा घालविण्यात आला. त्यातून ‘लम्पी-प्रोव्हॅक-इंड’ ही लस तयार होऊन १० ऑगस्ट २०२२ रोजी ती जाहीर झाली. तिच्या उत्पादनाचे तंत्रज्ञान पुण्याच्या शासकीय पशुलस संस्थेनेही घेतले.

लस टोचल्यावर शरीरास प्रतिकार उभारण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. यासाठी पावसाळ्यात माश्या वाढण्यापूर्वीच ती टोचून घेणे इष्ट. टोचताना प्रत्येक जनावरास नवी सुई वापरावी. नाहीतर माशी करते तेच काम आपल्या हातून होईल. सामुदायिक लसीकरणाचे फळ काय मिळते, हे युरोपच्या बाल्कन प्रदेशात दिसले. तेथे २०१६ मध्ये ह्या रोगाचे ७,४८३ उद्रेक नोंदले गेले. व्यापक लसीकरणानंतर २०१७ मध्ये ते ३८५ वर आले.

महाराष्ट्राचा अनुभव

भारतात हा रोग प्रथम २०१९ साली ओडिशात आढळला आणि २०२० मध्ये विदर्भातही दिसला. परंतु मोठी साथ २०२२ ची. गुजरात व राजस्थानात हाहाकार उडाला असता, ४ ऑगस्ट २०२२ रोजी जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातील चिनावल येथे त्याची नोंद झाली, आणि बघता बघता तो राज्यभर पसरला. त्या वर्षी देशात एक लाखाहून अधिक गुरे दगावली. २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ३९ लाख गोवंशीय जनावरे होती. त्या सर्वांपर्यंत लस पोहोचविण्याचे काम खेडोपाडीच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांवर येऊन पडले. गुरांचे बाजार व वाहतूक बंद करण्यात आली. मृत जनावरांच्या मालकांसाठी गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार व वासरामागे १६ हजार रुपये साहाय्य ठरविण्यात आले.

त्याच दिवसांत पोळा आला. वर्षभर राबलेल्या बैलांना सजवून वेशीतल्या तोरणाखाली एकत्र आणावयाचे, हा आपल्या गावांचा आनंदाचा दिवस. पण खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या बैलांइतकी सोय माशीला दुसरी कोणती? बाधित भागांत बैलांना बाहेर न नेता घरच्या घरी पूजा करावी, असे आवाहन झाले. ज्यांनी ते पाळले, त्यांचा तो पोळा उदास गेला असेल. परंतु आपल्या बैलाबरोबर शेजाऱ्याचा बैलही त्यांनी जपला.

गावाने काय करावे?

२००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा संसर्गजन्य रोगाची खबर देणे जनावराच्या मालकावर बंधनकारक आहे. तरीही ती लपविण्याचा मोह होतो. बाजार बंद होईल, दूध कोणी घेणार नाही, ही भीती खोटी नसते. पण लपविलेल्या एका गाईमागे आठ दिवसांत गल्लीतले गोठे बाधित होतात आणि मग लपविण्याजोगे काही उरत नाही.

म्हणून गाठ दिसताच, किंबहुना साथीच्या दिवसांत नुसता ताप दिसताच, जनावर वेगळे बांधावे व दवाखान्यास कळवावे. त्याचे दावे, बादली, गव्हाण निराळी ठेवावी. वाळलेल्या खपलीत हा विषाणू महिनाभरही टिकू शकतो. यास्तव खपल्या गोळा करून जाळाव्यात आणि गोठा जंतुनाशकाने धुवावा. शेणाचे ढीग व साचलेले पाणी ही माशीची व डासाची जन्मस्थाने होत. ती दूर करावीत. मेलेले जनावर उघड्यावर न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे.

येलहंका येथील संस्थेत जे अंदाज बांधले जातात, त्यांचा कच्चा माल येतो तो अशा खेड्यांतूनच. कोणा गुराख्याने गाठ पाहिली, पशुवैद्याने नोंद केली, प्रयोगशाळेने ती पडताळली, तर पुढच्या पावसाळ्यापूर्वी दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यास सावध करता येते. बुळकांडीसारखा भयंकर पशुरोग अशाच नोंदींच्या, लसींच्या व चिकाटीच्या बळावर २०११ साली जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर करता आले. लम्पीच्या बाबतीत तो दिवस अजून दूर आहे. तोवर गोठ्यात शिरताना रोज एकदा आपल्या गुरांच्या अंगावरून हात फिरवावा. प्रेमाने तर फिरवावाच, पण जरा लक्ष देऊनही फिरवावा.